नदीच्या मातीचा गोळा

त्या प्रदेशात जमीन कमी आणि पाणी फार होतं. मोठी नदी जिथे समुद्राला मिळे, तिथून उत्तरेकडे बेटांची रांग लागे, आणि एका बेटावरून पुढचं बेट जेमतेम दिसे. जेमतेम दिसणाऱ्या गोष्टीकडे निघण्याची तांबड्या खेकड्यांना खोडच होती.

नदीकाठ सोडताना त्यांनी लाल चिकणमातीचा एक गोळा ओंडक्यावर घेतला. नव्या बेटावर बीळ खणलं की त्याच्या तोंडाला ही माती लिंपायची आणि मगच आत पाऊल टाकायचं, अशी त्यांची रीत होती. गोळा सांभाळण्याचं काम तांबीकडे आलं. तिची धाकटी बहीण चिमी काठावरच राहिली, कारण ओंडक्यावर जागा उरली नव्हती. "तू हो पुढे, ताई. मी मागच्या ओंडक्याने येते. बिळाला आपली माती दिसली की ओळखेन," ती म्हणाली.

गोळा संपू नये म्हणून प्रत्येक बेटावर त्यात थोडी तिथली माती मळली जाई. विरजणासारखंच होतं ते, मागचं चिमूटभर उरलं तरी पुरे.

बेटांवर आधीपासून पांढरे खेकडे राहत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. ते थोडे सरकून बसले. पुढे बिळं शेजारी आली, मग एक झाली, आणि पोरं पांढऱ्या आयांच्या हाताखाली वाढली. या आया डाव्या नांगीने माती मळत. चौथ्या बेटावर तांबीनेही डावी वापरायला सुरुवात केली, कारण उजवीने मळताना शेजारणीची नांगी सारखी आपटे.

सातव्या बेटावर तांबी म्हातारी झाली. तिथे बिळांच्या तोंडांना शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी, खरखरीत माती असे आणि तिला सगळे नदीची माती म्हणत. तांबी रोज ओहोटीला एका खडकावर बसून दक्षिणेकडे बघे. तिला चिमीची फार आठवण येई, आणि ती ते कोणापासून लपवत नसे.

एका सकाळी ओंडका किनाऱ्याला लागला. त्यावर एकच म्हातारी खेकडीण होती, दोन पाय गमावलेली.

"ताई, मी चिमी," ती म्हणाली. "एकेक बेट बघत आले. आपली माती कुठेच दिसली नाही."

पंच जमले. नाव काय, कोणीही सांगेल. माती दाखवावी, असं ठरलं. चिमीने पोटाशी धरलेला गोळा पुढे केला. तो लालभडक होता. ती तो उजव्या नांगीने मळू लागली, तेव्हा पोरांना हसू आवरेना.

सगळे तांबीकडे वळले. तिने थोडी माती घेऊन हुंगली, मग आपल्या गोळ्याशी तीनदा ताडून पाहिली. माती खरी निघावी असं तिला मनापासून वाटत होतं.

"खोटं नाही बोलणार, बाई," ती शेवटी म्हणाली. "ही आमची नव्हे. माझी बहीण असती तर तिच्याजवळ नदीची माती असती."

चिमीने बिळाच्या पांढऱ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"मग मीच चुकले असेन, बाई. माझ्या बहिणीच्या बिळाला लाल माती असती," ती म्हणाली. "तुमची येईल. बसा वाट बघत."

तिने ओंडका पाण्यात लोटला. पुढचं बेट जेमतेम दिसत होतं.

ओहोटी लागली. तांबीने डाव्या नांगीला लागलेला लाल डाग वाळूत घासून काढला आणि ती खडकावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीमागे ओंडका लहान होत गेला.