गेटताईंची टिचकी

यंत्रांनाही मानपान लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. एका रोपवाटिकेत बॅटरीवरचा पंप होता. बॅटरीची वीज पंपाकडे सोडायचं काम थायरिस्टरचं. पण गेट नावाच्या बारीक तारेनं टिचकी मारल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही.

"गेटताई, तुम्ही आहात म्हणून मी आहे," थायरिस्टर कमरेत वाकून म्हणाला. ताई फुगल्या. त्यांनी टिचकी मारली आणि पंप धडधडू लागला.

टाकी भरली, मग वाहू लागली. वाफ्यातली मिरचीची रोपं ओरडली, "ताई, थांबवा त्याला, आम्ही बुडतोय!"

"एवढंच ना? ए, बंद हो!" ताईंनी हुकूम सोडला.

"कोण बोलतंय?" थायरिस्टर म्हणाला. "सुरू होण्यापुरत्या तुम्ही लागता. आता मला फक्त बॅटरी पुरे."

बॅटरी पार उतरली तेव्हाच तो थांबला. तोवर सगळी रोपं वाहून गेली होती.

पुढे बॅटरी पुन्हा भरली, वाफ्यात नवी रोपं आली. थायरिस्टर पुन्हा कमरेत वाकला. "ताई, तुम्ही आहात म्हणून मी आहे."

ताई ताठ मानेनं नव्या रोपांना म्हणाल्या, "बघितलंत? माझा शब्द खाली पडू देत नाही तो." आणि त्यांनी टिचकी मारली.