चौथ्या मजल्याचा भाव

एका शहरात एक चार मजली इमारत होती. तिला जिना होता, लिफ्ट नव्हती. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्र्यंबकराव दातार आणि त्यांची बायको इंदुमती राहत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा डोक्यात काही बसलं, की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ते निघायचं नाही.

इंदुमतीचे गुडघे पार गेले होते. पूर्वी दिवसातून चारदा खाली उतरणारी बाई आता महिना महिना उंबरठा ओलांडत नव्हती. भाजीवाल्याला वरून दोरीने पिशवी सोडायची आणि खालच्या गप्पा गॅलरीतून ऐकायच्या, एवढंच तिचं जग उरलं होतं. म्हणून दोघांनी ठरवलं, हा फ्लॅट विकायचा आणि वाईला तिच्या धाकट्या बहिणीच्या शेजारचं बैठं घर घ्यायचं. पुढे अंगण, आणि पायरी म्हणाल तर एकच. त्या घराचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता.

बेत उत्तम होता, पण बाजार थंड होता आणि घोडं अडलं भावावर. दोन वर्षांपूर्वी याच इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट सत्तर लाखांना गेला होता. तो आकडा त्र्यंबकरावांच्या डोक्यात घट्ट बसला. "तेवढ्याच खोल्या, तीच फरशी, तेच पाणी. मग मी कमी का घ्यावं?" असं ते येईल त्याला विचारत. सोसायटीचे सेक्रेटरी अभ्यंकर त्यांना आणखी हरभऱ्याच्या झाडावर चढवत. "दातार, एक पैसा सोडू नका हं! तुम्ही भाव पाडलात की आम्हा सगळ्यांचा पडला." अभ्यंकरांना स्वतःला काही विकायचं नव्हतं. लोकांना धीर द्यायला त्यांचं काय जात होतं?

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी पोपटशेठ एजंट घाम पुसत वर आला. बरोबर मांडके नावाचं तरुण जोडपं होतं. वारा, उजेड, सगळं त्यांच्या मनात भरलं. चहा आला तसा मांडके म्हणाला, "काका, त्रेसष्ट देतो. टोकन आत्ता, या बैठकीत. उद्यापासून पंधरवडा, मग आमची आई खरेदीचं नाव काढू देणार नाही."

इंदुमती स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी होती. 

"सत्तर," त्र्यंबकराव म्हणाले.

"काका, चौथा मजला आहे. लिफ्ट नाही."

"मग तळमजला शोधा की!"

पोपटशेठने डोळ्यांनी खुणावलं, खाकरून पाहिलं. छे! त्र्यंबकराव हलले नाहीत. पाहुणे उठले, चहा तसाच राहिला. "दसऱ्याला बाजार उठतो की नाही, बघ तू," ते बायकोला म्हणाले. ती चहाने भरलेले कप उचलून आत गेली.

पितृपक्षात चिटपाखरू फिरकलं नाही. घट बसले तरी कुणाचा फोन नाही. वाईचा घरमालक दिवाळीपुढे एक दिवसही थांबणार नव्हता. आता मात्र त्र्यंबकराव रोज कॅलेंडर बघू लागले, पण बोलणार कोणाजवळ?

एका संध्याकाळी इमारतीच्या आवारात बायकांचा भोंडला होता. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरला होता. भोंडल्याची खिरापत ओळखण्यात इंदुमतीचा हात धरणारं कुणी नव्हतं. डबा नुसता हलवला की आत काय आहे ते ती सांगायची. त्र्यंबकराव बाजारातून परतले तेव्हा खाली गाणी रंगात आली होती. ते जिना चढू लागले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

इंदुमती पायरीवर बसली होती. पांढरीफटक, घामाने डबडबलेली. मांडीवर खिरापतीचा डबा. तिला धड खाली जाता येईना, धड वर चढता येईना.

"अगं, हाक तरी मारायचीस!"

"मारली की. गाण्यांत कुणाला ऐकू जाणार?"

शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला वर न्यावं लागलं. पुढून वॉचमनने धरलं, मागून त्र्यंबकरावांनी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलंडली. "अहो, सोडू नका!" ती किंचाळली. त्र्यंबकरावांनी पाठ भिंतीला टेकवली, दात आवळले, पण खुर्ची सोडली नाही. शेवटी ती वर दारात टेकवली.

"सोस थोडे दिवस," ते धापा टाकत म्हणाले. "एकदा का सत्तर आले..."

तेव्हा मात्र ती गरीब गाय उसळली. "अहो, या जिन्यापायीच आपण घर सोडतोय ना? मग त्याच जिन्याचे पैसे त्या पोराने कापले, तर तुम्हाला एवढा राग कसला आला? तळमजल्याचा भाव पाहिजे म्हणता, तर आधी मला तळमजल्यावर नेऊन ठेवा!"

त्र्यंबकरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. खोल्या मोजल्या, फरशी मोजली, पण रोजचा पायाखालचा जिना आपण मोजलाच नाही! त्यांनी तसाच पोपटशेठला फोन लावला.

"आत्ता जाग आली होय, काका? मांडके दुसरीकडे टोकन द्यायला निघालाय. विचारून बघतो, पण त्रेसष्ट आता विसरा."

फोन समोर ठेवून दोघं बसून राहिले. खालची गाणी संपली, बायका पांगल्या. फोन वाजेना. त्र्यंबकरावांनी उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. इतक्यात दार वाजलं. अभ्यंकर! "दातार, वॉचमन सांगतोय ते खरं का? भाव पाडताय म्हणे!" आणि तेवढ्यात फोनही वाजला.

"साठ," पोपटशेठ म्हणाला. "होय का नाही, आत्ता सांगा. त्याने रिक्षा थांबवून ठेवलीय."

त्र्यंबकरावांनी आधी दाराकडे पाहिलं. तिथे अभ्यंकर नको नको म्हणून मान हलवत होते. आत इंदुमती गुडघ्यांना तेल चोळत होती, शेजारी तो न उघडलेला डबा.

"दिला," ते म्हणाले.

अभ्यंकरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पैसे कमी आले म्हणून वाईच्या घराला मागची पडवी काही बांधता आली नाही. पण दिवाळीच्या आत इंदुमती त्याच खुर्चीत बसून एकदाची खाली उतरली.

पुढच्या नवरात्रात पोपटशेठचा फोन आला. "काका, बाजार उठला! तुमच्या चौथ्या मजल्याला आज सत्तर मिळाले असते. वर्षभर थांबला असतात तर!"

त्र्यंबकरावांच्या काळजात क्षणभर चर्र झालं, खोटं का बोला? मग त्यांनी अंगणात पाहिलं. पाटावर हत्ती होता, आळीतल्या बायकांचा फेर सुटला होता आणि इंदुमती खुर्चीत बसून डबा कानाशी हलवत होती.

"मी थांबलो असतो हो, पोपटशेठ," ते म्हणाले. "तिचे गुडघे थांबले नसते."

"साटोऱ्या!" बाहेरून इंदुमती ओरडली. तिने बरोबर ओळखलं होतं. त्र्यंबकरावांनी फोन ठेवला आणि खिरापत खायला ते अंगणात गेले.

तात्पर्य: घर कधी विकावं हे बाजाराला विचारण्याआधी, ते ज्याच्यासाठी विकायचं त्या माणसाला विचारावं. पडलेला भाव पुन्हा चढतो, वाट पाहण्यात गेलेले दिवस परत येत नाहीत.