राजेसाहेबांच्या हिरवळीची चाळणी

डोंगरपायथ्याच्या एका छोट्या संस्थानात म्हाळू नावाचा माळी होता. तिथल्या राजेसाहेबांना गोल्फचा भारी नाद. चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याभोवतीची हिरवळ राखणं हे म्हाळूचं काम. ती त्यानं अशी राखली होती की पाहुणे वाकून हात फिरवायचे आणि विचारायचे, हा गालिचा कुठून आणवला?

त्या वर्षी फाल्गुनात मात्र म्हाळूच्या जिवाला घोर लागला. हिरवळ वरून झकास दिसे, पण पाणी घातलं की ते आत मुरेना. त्यानं एक लांब खिळा टोचून पाहिला. तो दोन बोटांवरच अडला. वर्षभर पायांखाली दडपून माती दगड झाली होती, आणि खाली मुळं गुदमरत होती. उपाय त्याला ठाऊक होता. हिरवळीला जागोजाग भोकं पाडायची आणि त्यांत चाळलेली वाळू नि शेणखत भरायचं. पण मग तीन आठवडे हिरवळीची चाळणी झालेली दिसणार. आणि पाडव्याला तर शेजारचे राजे सामना खेळायला यायचे होते.

बायको गोदा म्हणाली, गप्प राहा. वैशाखात गवत वाळलं तर उन्हाला बोल लावता येईल. म्हाळूलाही ते पटलं. पण दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तो राजेसाहेबांपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "सामना झाल्यावर कर."

"तोवर उन्हं तापतील, सरकार. आत्ता गवत वाढीला लागलंय, आत्ताच ते सोसेल."

"आणि पाहुणे हसले तर?"

"हसतील, सरकार. खोटं कशाला सांगू?"

राजेसाहेब उठले, हिरवळीवर गेले आणि म्हाळूचा खिळा स्वतः टोचून पाहिला. खिळा वाकला. ते परतले, आणि संध्याकाळी हुकूम आला: काम सुरू करा.

लोहारानं पोकळ नळ्यांचं एक अवजार करून दिलं. पायानं दाबलं की ते जमिनीत घुसायचं आणि वर येताना मातीच्या गुंडाळ्या घेऊन यायचं. चार दिवस म्हाळू आणि गोदा राबली. टोपल्या भरभरून माती बाहेर गेली, वाळू नि खत आत गेलं. गोदानं खराट्यानं सगळं सारखं केलं.

पाडव्याला पाहुण्या राजांचा चेंडू त्या हिरवळीवर बेडकासारखा उड्या मारू लागला. त्यांनी विचारलं, इथं ज्वारी पेरलीय काय? सगळे खो खो हसले. राजेसाहेबांचा चेंडूही भरकटला आणि ते सामना हरले.

"असला माळी मी आजच घरी बसवला असता," पाहुणे म्हणाले.

चिंचेखाली उभ्या असलेल्या म्हाळूनं हातातला खराटा खाली ठेवला.

राजेसाहेब शांतपणे म्हणाले, "भोकं माझ्या हुकमानं पाडलीत. हसायचं तर मला हसा."

वैशाख आला. भोकं कधीच भरून आली होती. रणरणत्या उन्हातही हिरवळ पोपटासारखी हिरवीगार होती, आणि म्हाळू तिच्याकडे लेकीकडे पाहावं तसा पाहत बसायचा. शेजारच्या संस्थानातली हिरवळ मात्र जळून पेंढा झाली होती.

ज्येष्ठात एक घोडागाडी दारात थांबली. पाहुणे राजे खेळायला नव्हे, म्हाळूला काही दिवस मागून न्यायला आले होते. राजेसाहेबांनी त्यांना म्हाळूलाच विचारायला सांगितलं.

म्हाळूनं हात जोडले. "येतो, सरकार. पण तुमच्याही हिरवळीला भोकं पाडावी लागतील. लोक हसतील."

पाहुण्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं म्हाळूचं अवजार पाहून तसलंच घडवायला त्यांचा लोहार भाता मांडीवर घेऊन बसला होता.

तात्पर्य: चार दिवसांच्या शोभेसाठी मुळाचं दुखणं झाकलं, तर मूळही जातं आणि शोभाही. खरं सांगणारा आणि ते ऐकून घेणारा, दोघांनी थोडं हसू सोसलं की दोन्ही वाचतात.