स्वातंत्र्यकोबीवरचा धोंडा

"या कोबीला जर्मन वास येतोय!" मेयर ओरडला, आणि अख्खा बाजार वळून बघायला लागला.

ओटिली केलरनं पिंपावरचं झाकण गपकन लावलं. बाप वारल्यापासून दोघी मायलेकींचं पोट त्या पिंपावर होतं. त्यात साउरक्राउट, म्हणजे मिठात चुरून, धोंड्याखाली दडपून आंबवलेला कोबी. आपल्याकडे लोणचं, तसं त्यांच्याकडे हे.

गाव अमेरिकेतलं, मिझुरी नदीकाठचं. नाव नॉयबाख. आज्या-पणज्यांनी जर्मनीतून जहाजानं येऊन वसवलेलं. तिथं प्रार्थना जर्मन, भांडणं जर्मन, कुत्र्यालाही जर्मनमध्येच हाकलायचं. त्याला तेवढंच कळायचं! पण अमेरिका जर्मनीविरुद्ध लढाईत उतरली आणि माणसं फिरली. सगळ्यांत जोरात फिरला मेयर ऑगस्ट बर्ड. मेयर म्हणजे गावाचा कारभारी. जन्मला तेव्हा हा फोगेल होता. जर्मनमध्ये फोगेल म्हणजे पक्षी, इंग्रजीत बर्ड म्हणजेही पक्षीच. पाखरू तेच, पिसं तेवढी रंगवलेली!

"आजपासून याला लिबर्टी कॅबेज म्हणायचं," मेयर म्हणाला. "स्वातंत्र्यकोबी! देशभर हेच चाललंय."

"मेयरसाहेब, साउरक्राउट म्हणजे आंबट कोबी. नावातच चव सांगितलीय. नव्या नावात काय सांगितलंय?"

"देशप्रेम!"

"ते ताटात वाढायचं कसं?"

बाजारात कुणीतरी फिस्सकन हसलं. मेयरच्या मिशा थरथरल्या. असल्या माणसाला शिवी दिलेली चालते, हसलेलं चालत नाही.

"फार जीभ चालते काय गं तुझी? मग ऐक! गावजेवणाला एक पिंप स्वातंत्र्यकोबी आणायचा. त्यात जर्मन शब्द नको, जर्मन वस्तू नको, जर्मन रीत नको. आणि चव मात्र माझ्या आईच्या हातची पाहिजे! नाही जमलं तर दुकान बंद, आणि या बाजारात पुन्हा पाय ठेवायचा नाही!"

"तुमच्या आईच्या हातची? अहो, त्या तर जर्म—"

"गप्प!"

घरी आईनं एप्रन डोळ्यांना लावला. "दूध पाहिजे, पण गाय नको! मेल्याला लहानपणी मीच भरवलंय गं क्राउट. पातेलं चाटायचा!"

ओटिली तळघरात जाऊन पायरीवर बसली. समोर पिंप, पिंपावर धोंडा. हा धोंडा आजीनं ऱ्हाईन नदीच्या काठावरून उचलून, एप्रनमध्ये बांधून, जहाजातून आणलेला. आता अमेरिकेत काय दगड नव्हते? ढीगभर होते! पण त्या म्हाताऱ्यांचं डोकं वेगळंच. कपडे टाकून आल्या, भांडी टाकून आल्या, पण कोबीवरचा धोंडा कुणी टाकला नाही. वर त्यावर घराण्याचं नावही कोरायचं, म्हणजे शेजारीण ढापायला नको! नॉयबाखमध्ये घरोघरी असा एकेक धोंडा.

ओटिली बघत राहिली, बघत राहिली, आणि एकदम टाळी वाजवून उठली.

"आई, कोबी चिर! एक नाही, दोन पिंपं भरायची!"

"आणि तू कुठं निघालीस?"

"मेयरच्या आईकडं!"

कोबी मुरला आणि गावजेवणाचा दिवस उजाडला. सभागृहात बँड वाजत होता. मेयर गळ्यात रुमाल खोचून, हातात काटा घेऊन बसला होता. ओटिलीनं पहिलं पिंप ढकलत त्याच्यासमोर आणलं आणि झाकण उघडलं.

अरारारा! तुतारीवाल्याची फुंक उलटी घशात गेली. पाद्रीबाबा खिडकीतून अर्धे बाहेर लटकले. मेयरचा कुत्रा मेलेला उंदीर मिटक्या मारत खायचा, त्यानंसुद्धा शेपूट घातली आणि पळाला!

"हे काय आहे?" मेयर रुमालातून किंचाळला.

"स्वातंत्र्यकोबी!"

"हा सडलाय!"

"सडणारच की! मीठ चोळून दडपायचा ही जर्मन रीत, म्हणून दडपला नाही. धोंडा जर्मन वस्तू, म्हणून ठेवला नाही. आणि साहेब, नावच स्वातंत्र्य! त्याच्या छाताडावर धोंडा ठेवणारी मी कोण? सोडला मोकळा. मग त्यानं त्याला वाटेल ते केलं!"

सभागृह खो खो हसायला लागलं. मेयर बिटासारखा लाल झाला.

"आणि चव? माझ्या आईच्या हातची चव कुठंय?"

"ती या दुसऱ्या पिंपात."

ओटिलीनं झाकण बोटभर उचललं. आंबट, शहाजिऱ्याचा वास दरवळला. मेयरचं नाक हललं. मग मिशा हलल्या. काटा आपोआप पुढं आला. ओटिलीनं झाकण खाडकन लावलं.

"थांबा साहेब! यात जर्मन वस्तू आहे. धोंडा आहे."

"कुणाचा?"

"तुमच्या घरचा! तुमच्या आईनं तळघरातून स्वतः काढून दिला. हा बघा, यावर कोरलंय, फोगेल! तुम्ही नाव बदललंत, पण धोंड्याला कुणी सांगितलंच नाही! आता तुम्ही मालक, तुम्ही सांगा. याला गावाबाहेर घालवू, की पानं वाढू?"

मेयरनं धोंड्याकडं बघितलं. कोपऱ्यात बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडं बघितलं. ती तोंडावर हात धरून हसत होती. आधी मेयरचं पोट हललं, मग खांदे, आणि मग तो असा गडगडून हसला की गळ्यातला रुमाल उडून पडला!

"वाढ, पोरी, वाढ! साउरक्राउट वाढ! आणि आधी आईला!"

पातेलं त्या दिवशीही चाटलं गेलं. ओटिलीच्या आईला दुकानासाठी सभागृहाच्या दारातली जागा मिळाली, कायमची, आणि वर 'साउरक्राउट' अशी पाटी मेयरनं स्वतः शिडीवर चढून ठोकली.

आणि ते पहिलं पिंप? तेही मेयरलाच उचलून गावाबाहेर न्यावं लागलं. दोन्ही हात पिंपाला. नाक धरायला हात उरला नव्हता!