नव्वद पदकांचा शिपाई

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शप्पथ. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि ज्याने मला सांगितली तो झोपेत बोलत होता. पण झोपेत माणूस खोटं कशाला बोलेल?

तर फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठी एक राज्य होतं. त्या राज्याचं एक बेट होतं, सात समुद्रांच्या पलीकडे. बेटावर एक हिरवी टेकडी, बाकी काही नाही. पण वारा झोपायला त्याच बेटावर जायचा. सकाळी उठून तोंड धुवायचा आणि ताजातवाना होऊन राज्यात यायचा. वारा आपल्या मालकीचा व्हावा म्हणून शत्रूचा त्या बेटावर डोळा होता.

राजाने राखणीला शिपाई पाठवला. एकच पाठवला, कारण होडी लहान होती.

दर पौर्णिमेला शत्रूची गलबतं धुक्यातून यायची आणि लांब थांबून बेटाकडे बघत बसायची. शिपाई भाला खांद्यावर टाकून टेकडीभोवती चालत राहायचा. समोरून गेला की मागे दिसेनासा व्हायचा, परत समोरून यायचा. थोड्या वेळाने गलबतं निघून जायची. मग तो बसून पाय चेपायचा आणि बायकोची आठवण काढायचा.

अशी बावीस वर्षं गेली. दरम्यान राजा म्हातारा होऊन वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. नव्या राजाने विचारलं, "त्या बेटावर इतक्या वर्षांत काय झालं?"

प्रधान म्हणाला, "काहीच नाही, महाराज."

"मग तिथे माणूस कशाला? बोलवा परत."

शिपाई परत आला. धक्क्यावरून थेट घरी गेला. दारात बायको उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते. त्याला बघून तिचे डोळे भरले, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

त्या राज्यात रीतच तशी होती. समुद्रापलीकडे गेलेला शिपाई पदक छातीवर लावूनच उंबरा ओलांडणार. तोवर तो आलेलाच नाही असं धरायचं.

"बसा पाहुणे," बायको म्हणाली, "पाणी घ्या. आमचे हे परदेशी असतात. येतीलच आता."

"कसे आहेत तुमचे हे?" शिपायाने विचारलं.

"होते बरे," ती म्हणाली. "तुमच्याइतके काळवंडलेले नव्हते." आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

शिपायाला पदक नको होतं. त्याला आत जायचं होतं. पण पदकाशिवाय आत जाता येत नव्हतं, म्हणून तो दरबारात गेला.

दरबारात पदकं जखमा मोजून मिळत. राजवैद्य मोजायचा. एक जखम, सुपारीएवढं पदक. एक गडी परतताना धक्क्यावर घसरून कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पडला होता. त्याच्या सतरा जखमा मोजल्या गेल्या. त्याचं पदक परातीएवढं झालं, धरायला दोन माणसं लागली.

आमच्या शिपायाची पाळी आली. वैद्याने त्याला उलटासुलटा करून पाहिलं.

"तळवे झिजलेत," तो म्हणाला. "पण झीज म्हणजे जखम नव्हे."

राजाने विचारलं, "अरे, तू तिथे केलंस तरी काय?"

"चाललो, महाराज."

"कुठे?"

"टेकडीभोवती."

दरबार हसला. राजाही हसला, पण मोठ्या मनाने म्हणाला, "जा, एखादी जखम करून घेऊन ये. मी आहे इथे चार वाजेपर्यंत."

शिपाई मान खाली घालून वळला. तेवढ्यात शत्रूच्या आरमाराचा म्हातारा नाखवा दरबारात आला. त्याच्यामागे दोन हमालांनी एक पेटी आणून ठेवली.

"भांडायला नाही आलो," नाखवा म्हणाला. "गेल्या पौर्णिमेला तुमच्या बेटावर कुणीच दिसलं नाही. मग आम्ही तीनशे गलबतांना दोरखंड बांधले आणि बेट ओढून घरी नेलं. आता आमचे महाराज म्हणाले, ज्या फौजेने आपल्याला बावीस वर्षं अडवलं तिचा मान राखला पाहिजे. आम्ही दर वेळी मोजायचो. बरोबर नव्वद शिपाई भरायचे. ही त्यांची नव्वद पदकं. कुठे आहेत ते?"

दाराकडे निघालेला शिपाई थांबला.

"मीच तो," शिपाई म्हणाला.

"आणि बाकीचे एकोणनव्वद?"

"तेही मीच."

नाखव्याने पेटी उघडली. मग त्याने स्वतःच्या हाताने एक एक करून नव्वद पदकं त्याच्या अंगावर लावली. शिपाई घराकडे निघाला तेव्हा पदकं अशी खणखणली की सगळ्या गावाला वाटलं, गुरं परत आली.

बायकोने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मी एकाचीच वाट बघत होते," ती म्हणाली. "बाकीचे एकोणनव्वद पडवीत ठेवा आणि आत या. भात निवतोय."

तो आत गेला.

राजाला मात्र वारा राहिला नाही. शिडं लोंबू लागली. भात उफणायला लोक गाल फुगवून बसू लागले. राजवाड्यावरचा झेंडा ओल्या धोतरासारखा पडून राहिला. शेवटी राजाने दोन माणसं शिडीवर चढवली आणि झेंड्याला फुंकर मारायचं काम दिलं. त्यांना दर वर्षी पदक मिळतं, दम लागल्याबद्दल.

तात्पर्य काय, तर ज्या माणसामुळे काहीच वाईट घडलं नाही, त्याचा मान तो जागेवर आहे तोवरच करावा.

झाली गोष्ट. फुकट ऐकायची नसते. मूठभर शेंगदाणे इकडे सरकवा, आणि ते मागे लपवलेलं गुळाचं ढेकूळ पण.