तिळाच्या कोठाराचा राखणदार

पूर्वी शंखपूर नगरात दृढनेमी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी वेशीबाहेरच्या तेल्यांच्या वस्तीत, एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव भद्रक. चाक फिरवावे, भट्टी लावावी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा त्यांचा साधा दिनक्रम होता. पण ही कथा त्यांच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते त्यांचा मित्र उत्तिय याच्यापासून, आणि खरे सांगायचे तर उत्तियाच्या उजव्या हातापासून.

उत्तिय वस्तीच्या कोठाराचा राखणदार होता. कोठारात सात मोठे रांजण होते आणि त्यांत पुढच्या पेरणीचे तीळ साठवलेले असत. खायचे तीळ लोक आपापल्या घरी ठेवीत, घाण्यावरचे घाण्यावर जात. कोठारातले मात्र बियाण्याचे. त्याला कोणी हात लावीत नसे. तिळाचे बी असे की एका ओंजळीत शेताची एक लांबलचक पट्टी पेरून होते. म्हणजे एक ओंजळ गेली तर एका घराचे पुढच्या सालचे तेलच गेले म्हणायचे.

राखणदाराची निवड मोठ्या विचाराने होई. उत्तिय निर्व्यसनी, सरळमार्गी, कोणाच्या काडीलाही हात न लावणारा. अशा माणसाला लोकांनी कार्तिकात कोठारात बसवले ते ज्येष्ठापर्यंत. सकाळी दार उघडायचे, आत बसायचे, संध्याकाळी लावायचे. काम म्हणाल तर एकच. रोज प्रत्येक रांजणातून चिमूटभर तीळ घेऊन दाताखाली चावून पाहायचे. कुरकुर वाजले तर बी कोरडे. मऊ लागले तर ओल शिरली, मग तो रांजण उन्हात वाळवायचा. ही चाल पूर्वापार होती आणि उत्तिय ती कधी चुकवीत नसे.

सात चिमट्या चावायला वेळ तो किती लागणार? मग उरलेला दिवस आ वासून समोर. भिंतीकडे बघ, छताकडे बघ, पाली मोज. जांभया देऊन देऊन जबडा दुखायला लागे. तेव्हा उत्तिय उठे आणि म्हणे, तिसरा रांजण जरा पुन्हा पाहावा, सकाळी नीट वाजला नव्हता. मग पाचवा. मग पुन्हा तिसरा. चिमटीची केव्हा मूठ झाली ते त्यालाही कळले नाही. खड्डा पडला की तळव्याने तीळ सारखे करून तो झाकण ठेवी आणि जागेवर येऊन बसे. आपण काम केले, असेच त्याला वाटे.

घरी त्याची बायको वासवी ताट वाढून कंटाळली होती.

"अहो, दोन घास तरी खा. हल्ली जेवणच जात नाही तुम्हाला."

"नाही गं भूक. बसून बसून अग्नी मंदावलाय. वैद्याकडे जाऊन येतो एकदा."

आणि तो खरोखरच गेला. वैद्याने नाडी पाहिली, लंघन करायला सांगितले. गंमत बघा, उत्तियाने घरचे जेवण सोडून दोन दिवस लंघनही केले, कोठारात बसून.

कोठारात दुसरे कोणी येत असेल तर ते भद्रक. दर पंधरवड्याला ते रांजणांच्या भेगा ओल्या मातीने लिंपून जात, म्हणजे किडामुंगी शिरत नसे. माघात एकदा त्यांनी तिसऱ्या रांजणावर बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "उत्तिया, हा पूर्वीपेक्षा पोकळ वाजतोय."

"थंडीने वाजत असेल," उत्तिय म्हणाला. तोंडात तीळ होते म्हणून जरा बोबडेच म्हणाला.

भद्रकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. काही बोलावे असे त्यांच्या मनात आले, पण ते बोलले नाहीत.

पेरणीच्या आदल्या दिवशी सारी वस्ती कोठारापुढे जमली. बायकांनी नव्या टोपल्या आणल्या होत्या. वस्तीचा ग्रामणी शूरक, पिकल्या मिशांचा, करड्या आवाजाचा म्हातारा, पुढे झाला आणि त्याने पहिल्या रांजणाचे झाकण काढले. आत वाकला. तसाच वाकून राहिला. मग त्याने बाही सारली आणि हात घातला. कोपर आत गेले, खांदा टेकला, तेव्हा कुठे बोटांना तीळ लागले.

दुसरा रांजण तसाच. तिसरा तर तळाला गेलेला. सातही पाहून झाले. एका बाईच्या हातून टोपली निसटली आणि ती तिने उचललीही नाही.

उत्तियाच्या पायाखालची जमीन सरकली. आठ महिने तो इथे बसला होता. एक दिवस दार उघडे टाकून गेला नव्हता. उंदीर म्हणावे तर झाकणे जड, भोक एकही नाही. मग नेले कोणी? तेवढ्यात त्याला माघातली ती टिचकी आठवली.

"भद्रक," तो म्हणाला. "माझ्याखेरीज तोच आत येतो. रांजण वाजवून बघत होता तो. किती उरलंय, कान लावून बघत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

हे तो खोटे बोलत नव्हता. त्याला अगदी मनापासून तसे वाटत होते, आणि त्यातच सारी पंचाईत होती.

लोक भद्रकांकडे वळले. बियाणे चोरणाऱ्याला वस्तीत एकच शिक्षा होती. त्याची भट्टी फोडायची आणि त्याला हाकलून द्यायचे, पुन्हा त्याला कोणी पाणीही द्यायचे नाही. मात्र आळ खोटा निघाला, तर आळ घेणाऱ्याचे शेत आळ आलेल्याला मिळे. उत्तियाचे शेत ओढ्याकाठी होते आणि तिथल्या चिकणमातीसारखी माती पंचक्रोशीत नव्हती. भद्रकांनी ती माती कितीदा कौतुकाने हातात घेऊन पाहिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते.

शूरक म्हणाला, "भद्रका, बोल काहीतरी."

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "मी नेले नाहीत. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका. मला उद्याचा एक दिवस द्या. मी रांजणांना नवी झाकणे करतो, न भाजलेली, अर्धवट सुकलेली. अशा मातीला बोट लागलं की ठसा उमटतो, पण हाताला ती फारशी चिकटत नाही. उत्तियाने रोजच्यासारखं आत बसावं. दिवसभर दुसऱ्या कोणी आत पाऊल टाकू नये, मीसुद्धा नाही. संध्याकाळी ठसे बघू."

उत्तियाला हे फार पटले. चोर आता सापडलाच, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात गुळगुळीत झाकणे रांजणांवर बसली. त्या दिवशी दाणे चावून बघायचे नाहीत, असे ग्रामणीने बजावले. दार लागले आणि उत्तिय डोळ्यांत तेल घालून बसला. त्याने दाराकडे पाहिले, झरोक्याकडे पाहिले. बाहेर पाऊल वाजले की तो सावरून बसे. भद्रक येईल, नाहीतर माणूस पाठवील. दुपार झाली. कोणी आले नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरले. तरी कोणी आले नाही. उत्तिय येरझारा घालू लागला. भद्रक किती साळसूद, आपण त्याच्यावर किती विश्वास टाकला, हेच त्याच्या मनात घोळत होते. तो बसला, उठला, पुन्हा बसला. इतका लांब दिवस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

सूर्य कलला तेव्हा तो झाकणे बघायला उठला. पहिल्यावर बोटांचे ठसे होते.

त्याच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यावर ठसे. तिसऱ्यावर तर जागाच उरली नव्हती, ठशांवर ठसे उमटले होते. उत्तियाने दाराकडे पाहिले, कडी आतून लावलेली. माणूस आला नाही आणि ठसे आले, म्हणजे हे भुताटकीचेच काम. तो ओरडणार होता. पण ओरडण्याआधी तो वाकला आणि त्याने ठसे नीट पाहिले.

चार बोटे लांब होती. पाचवे, अंगठ्याशेजारचे, आखूड होते.

उत्तियाच्या उजव्या हाताच्या त्या बोटाचे पेर लहानपणी विळ्याने तुटले होते.

त्याने आपला हात समोर धरला. नखांत माती होती. त्याने जीभ दातांवरून फिरवली. दातांत तीळ होते. दाढीवरून हात फिरवला तर तिथेही दोन-चार. चोराच्या वाटेवर डोळे लावून तो दिवसभर बसला होता, आणि चोर दिवसभर त्याच्याच खांद्याला लटकून रांजणाकडे जात होता, येत होता. उत्तिय मटकन खाली बसला.

दारावर थाप पडली. त्याने कडी काढली आणि तो पुन्हा येऊन बसला. भद्रक एकटेच आले होते. बाकीची मंडळी वाटेत होती, त्यांचे आवाज ओढ्यापलीकडून येत होते. भद्रकांनी झाकणांकडे पाहिले, मग मित्राकडे पाहिले. उत्तिय नुसता हात पुढे करून बसला होता, तो हात जणू कोणी दुसऱ्यानेच तिथे ठेवून दिला होता.

"मला ठाऊक नव्हतं रे," तो म्हणाला. "तुझी शपथ, मला ठाऊक नव्हतं."

"मला थोडं ठाऊक होतं," भद्रक म्हणाले. "माघात मी टिचकी मारून गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

आणि मग उत्तियाला त्या धक्क्याहूनही मोठा धक्का बसला. भद्रकांनी सातही झाकणे उचलली, एकावर एक ठेवली, हातावर पाणी घेतले आणि ती मळून टाकली. ठसे गेले, मातीचा एक गोळा उरला. ओढ्याकाठचे शेत त्या गोळ्यात गेले, भट्टी गेली, त्यांची निर्दोषताही गेली.

"हे काय केलंस? ते तुला हाकलून देतील."

"देतील कदाचित. पण हे ठसे मी दाखवले असते तर तुला शिक्षा झाली असती, एवढंच. लोकांनी पकडलं म्हणून थांबलेला हात पुन्हा चालू होतो. तुझा तू पकडलायस. आता काय सांगायचं ते तुझं तू ठरव."

लोक दारात आले. शूरकाने विचारले, "झाकणं कुठायत?"

भद्रकांनी हातातला मातीचा गोळा खाली ठेवला. एका क्षणात उत्तियाच्या मनात काय काय येऊन गेले असेल ते ज्याचे त्याने ताडावे. गप्प राहिले की झाले. शेत राहील, अब्रू राहील. वासवी दारातच उभी होती. तिने नवऱ्याच्या दाढीतले तीळ पाहिले, आणि न गेलेली सगळी जेवणे तिला एकदम आठवली. तिने तोंडावर पदर घेतला.

उत्तिय उठला. त्याने आखूड बोट वर केले.

"ठसे होते," तो म्हणाला. "या हाताचे होते. बियाणं मी खाल्लंय, ग्रामणी. सगळं मी खाल्लं. भूक नव्हती. माझा नुसता वेळ जात नव्हता."

चोराला शिव्या घालायची सर्वांची तयारी होती. पण न भुकेल्या माणसाने, बसल्या बसल्या, जवळजवळ सगळ्या वस्तीची पेरणी चघळून टाकावी, यावर काय बोलायचे ते कोणालाच सुचले नाही.

शेवटी शूरक म्हणाला, "शेत भद्रकाचं झालं."

"मला शेत नको," बोधिसत्त्व म्हणाले. "मला या कोठाराला हाच राखणदार पाहिजे. आपला हात चोर आहे हे जाणणारा वस्तीत हा एकटाच आहे. आपण बाकीचे अजून निर्धास्त आहोत."

त्या वर्षी उरलेल्या तिळात चौपट वाळू मिसळून विरळ पेरणी झाली. निम्मी शेते पडून राहिली. कित्येक घरांत तेलावाचून कोरडे खाऊन वर्ष काढावे लागले, आणि ते उत्तियाच्या घरीही लागले. त्याने ते निमूट सोसले.

कार्तिकात रांजण पुन्हा भरले आणि उत्तिय पुन्हा आत बसला. या वेळी भद्रकांनी त्याच्यापुढे ओल्या मातीची पाटी ठेवली.

"सकाळच्या सात चिमट्या झाल्या की पुरे. त्यानंतर हात निघाला की त्याला थांबवून विचार, भूक लागलीय का? लागली असली तर घरी जा, वासवीवहिनी ताट वाढतील. नसली तर याच हाताने एक पणती कर."

पहिल्या दिवशी उत्तियाचा हात तीनदा रांजणात गेला, आणि प्रत्येक वेळी तो दचकून मागे आला. पुढे तो झाकणापर्यंत जाऊन थांबू लागला. मग गुडघ्यावरून उठतानाच कळू लागला. पणत्या आधी वेड्यावाकड्या होत, नंतर बऱ्या होऊ लागल्या. भद्रक पंधरवड्याला येत आणि त्या उचलून भट्टीत लावत. आणि घरी उत्तिय पुन्हा दोन भाकऱ्या मागून घेऊ लागला.

ज्येष्ठात शूरकाने झाकण काढले तेव्हा तीळ काठाशी होते. सातही रांजणांत काठाशी होते. लोकांना हायसे वाटले. मग भद्रकांनी सर्वांना भट्टीमागे नेले.

तिथे पणत्यांचा ढीग होता, माणसाच्या खांद्याएवढा. प्रत्येक घराने टोपली भरून नेल्या. बांधाबांधावर ठेवल्या, ओढ्याच्या काठाने ठेवल्या, वेशीपर्यंत ठेवल्या, तरी ढीग सरेना. दिवेलागणीला घरोघरी उरलेले थेंबथेंब तेल घालून त्या पेटवल्या तेव्हा सारे शिवार उजळले, आणि लोक आधी आनंदाने आणि मग हळूहळू गप्प होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वेळा उत्तियाचा हात निघाला होता.

उत्तिय वासवीजवळ उभा होता. तोही पाहत होता. त्यातली एकही पणती भुकेची नव्हती.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सांगितली ती एका तरुण भिक्खूला समोर बसवून. भोजनाची वेळ टळल्यावर दुपारी करायला काही नसे, म्हणून तो आजारी भिक्खूंसाठी ठेवलेल्या मडक्यातल्या लाह्या येता-जाता तोंडात टाकी. मडके रिकामे झाले आणि तो इतरांवर संशय घेत फिरत होता.

शास्ते म्हणाले, "त्या जन्मी राखणदार उत्तिय होता तो हा भिक्खू. ग्रामणी शूरक होता तो या विहाराचा आजचा भांडारी. वासवी होती ती रोज भिक्षा वाढणारी ती वेशीजवळची उपासिका. आणि कुंभार भद्रक म्हणजे मी."

सर्वांनी त्या भिक्खूकडे पाहिले. त्याची मूठ मिटलेली होती. त्याने ती उघडली. आत लाह्या होत्या, आणि त्या केव्हा घेतल्या हे त्याला सांगता येईना.

शास्ते त्याला रागे भरले नाहीत. त्याच्या उघड्या तळव्याकडे बघून ते म्हणाले, "आता दिसला ना हात? या दिसण्यालाच जागृती म्हणतात. संयम तिच्या मागोमाग येतो."