काळा तेलोबा

विमानाच्या इंजिनात विजेची मोटर नवीनच नांदायला आली होती, तेव्हाची गोष्ट. शेजारी टर्बाइन धगधगत होतं. इंजिनातून फिरणारं जुनं तेल, सगळ्यांचा तेलोबा, तिच्या दारात आलं.

"काळ्या अंगानं आत नको! माझ्या तांब्याच्या तारा डागाळतील," म्हणत मोटरनं झडप लावून घेतली.

विमान आभाळात चढलं, मोटर तापली आणि तारांवरचं रोगण वितळू लागलं.

"तेलोबा, या हो आत!" ती कळवळली.

तेलोबा आत आला, तिची धग उचलून निघाला.

"ही पीडा कुठं टाकणार?"

"टाकतोय कशाला? पंखातलं इंधन थंडीनं काकडलंय. त्याला ऊब होईल."

हा काळेपणा कुणाकुणाच्या धगीचा होता, ते मोटरला आत्ता कळलं. तेलोबा परतला तेव्हा झडप सताड उघडी होती.